शेअर्ड स्टोरेजच्या नावाखाली विकलेली पेटी : सातपूरच्या एका कारखान्याचा अनुभव

ज्या लहान-मध्यम कारखान्यांची ईआरपी आणि ड्रॉइंगच्या फाइली स्वतःच्या सर्व्हरवर आहेत, आणि एक सर्व्हर बंद पडला तरी काम अडू नये म्हणून जे आता दोन सर्व्हरचा क्लस्टर उभारण्याच्या विचारात आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. सातपूर एमआयडीसीतील एका सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याचा संगणक विभाग मी सांभाळतो. आमची फसवणूक ज्या पुरवठादाराने केली त्याचे नाव येथे देत नाही, कारण वाद अजून मिटलेला नाही. मात्र फसवणुकीची पद्धत नावापेक्षा महत्त्वाची आहे आणि तीच पद्धत दुसऱ्या कोणाच्या लेटरहेडवरही येऊ शकते.

व्यवहार खरेदी विभागाने तीन कोटेशने मागवून नेहमीच्या रीतीने केला होता. मंजूर झालेल्या कोटेशनमध्ये दोन सर्व्हर, एक ‘ड्युअल कंट्रोलर आयस्कझी सॅन स्टोरेज’ (म्हणजे दोन्ही सर्व्हरना नेटवर्कवरून सामाईक डिस्क पुरवणारी, दोन स्वतंत्र नियंत्रक असलेली पेटी), त्यात नवीन एंटरप्राइज दर्जाच्या हार्ड डिस्क, आणि शेवटी दोन वेगळ्या ओळी होत्या : ‘क्लस्टर लायसन्स’ आणि ‘मल्टिपाथ लायसन्स’. सर्व्हर नामांकित कंपनीचे आणि अगदी व्यवस्थित होते. स्टोरेजच्या पेटीवर मात्र पुरवठादाराच्याच नावाचे लेबल होते आणि मॉडेल क्रमांकाच्या जागी त्यांनी स्वतः तयार केलेला कोड होता, त्यामुळे त्या पेटीची माहितीपत्रिका इतरत्र कोठेही मिळण्याची शक्यता नव्हती. बिलाची बहुतेक रक्कम माल उतरल्यावर आणि उरलेली ‘इन्स्टॉलेशन रिपोर्ट’वर सही झाल्यावर द्यायची, असे ठरलेले होते.

त्या दोन ओळींबद्दल आधी सांगतो, कारण त्या कोणालाही पेटी न उघडता तपासता येतात. मल्टिपाथ (एमपीआयओ), म्हणजे सर्व्हरपासून स्टोरेजपर्यंत एकाहून अधिक मार्ग वापरण्याची सोय, हे विंडोज सर्व्हरमध्येच असलेले फीचर आहे. सर्व्हर मॅनेजरमधून ते सुरू करावे लागते आणि त्याचे वेगळे लायसन्स विकत घ्यावे लागत नाही. फेलओव्हर क्लस्टरिंगसाठी, म्हणजे एक सर्व्हर पडल्यास दुसऱ्याने काम उचलण्याच्या सोयीसाठी, विंडोज सर्व्हर 2008 आर2 पर्यंत एंटरप्राइज किंवा डेटासेंटर आवृत्ती लागत असे, पण विंडोज सर्व्हर 2012 पासून ते स्टँडर्ड आवृत्तीतही मिळते. आमच्या सर्व्हरांवर त्याहून कितीतरी नवी स्टँडर्ड आवृत्ती होती. म्हणजे जे विंडोजसोबत आधीच आले होते, त्याचेच पैसे दुसऱ्यांदा आकारले गेले.

इन्स्टॉलेशनसाठी आलेल्या इंजिनिअरने फेलओव्हर क्लस्टर मॅनेजर उघडून ‘नोड्स’चे, म्हणजे क्लस्टरमधील सर्व्हरांचे, पान दाखवले. दोन्ही नोडसमोर ‘अप’ लिहिलेले होते. मग त्याने दोन्ही सर्व्हरवर ‘ई’ ड्राइव्ह उघडून दाखवला, आकार दोन्हीकडे सारखाच होता. “सर, दोन्ही नोड अप आहेत, स्टोरेज दोन्हीकडे दिसतंय, आता सही करून द्या,” असे तो म्हणाला. स्टोरेजखालचे ‘डिस्क्स’ हे पान त्याने उघडले नाही. मी ते उघडले तेव्हा ते पूर्ण रिकामे होते, आणि ‘अ‍ॅड डिस्क’ दाबल्यावर क्लस्टरसाठी योग्य अशी एकही डिस्क सापडली नाही, असा संदेश आला. सही थांबली, पण तोपर्यंत मोठी रक्कम गेलेली होती, आणि “हे सेटिंग उद्या ऑफिसमधून रिमोटने करून देतो” या आश्वासनावर उत्पादन विभागाने त्याच ‘ई’ ड्राइव्हवर ड्रॉइंग ठेवायला सुरुवातही केली.

यापुढे जे घडले त्यात पुरवठादाराच्या अज्ञानाचा वाटा किती आणि लबाडीचा किती, हे मला आजही सांगता येणार नाही. एका सर्व्हरवरून ठेवलेली फाइल दुसऱ्यावर दिसत नसे. सर्व्हर पुन्हा सुरू केला की ती दिसे आणि दुसरीच एखादी गायब असे. लवकरच सिस्टिम लॉगमध्ये एनटीएफएसचा 55 क्रमांकाचा इव्हेंट येऊ लागला, ज्याचा अर्थ डिस्कवरील फाइल सिस्टिमची रचना बिघडली आहे असा होतो. कारण उघड आहे. एनटीएफएस ही एका वेळी एकाच सर्व्हरने वापरायची फाइल सिस्टिम आहे. कोणता ब्लॉक रिकामा आणि कोणता भरलेला, याचा हिशोब प्रत्येक सर्व्हर स्वतःच्या मेमरीत ठेवतो आणि दुसऱ्याला विचारत नाही. एकाच खतावणीत दोन मुनीम एकमेकांना न सांगता नोंदी करू लागले तर जे होईल तेच येथे होते. तीच डिस्क दोन सर्व्हरना द्यायची असेल तर ती क्लस्टरच्या ताब्यात द्यावी लागते, म्हणजे एका वेळी एकच नोड तिचा मालक राहतो. किंवा 2008 आर2 पासून विंडोजमध्ये आलेली क्लस्टर शेअर्ड व्हॉल्यूमची सोय वापरावी लागते, जी दोन्ही नोडच्या लिखाणात समन्वय ठेवते. पुरवठादाराच्या माणसाने यावर उपाय म्हणून एका सर्व्हरवरून चेकडिस्क हे विंडोजचे डिस्क दुरुस्तीचे साधन चालवले, तेही दुसरा सर्व्हर त्याच डिस्कवर लिहीत असताना. त्या दुपारी ड्रॉइंगचे काही फोल्डर कायमचे गेले. जुन्या सर्व्हरवरचा बॅकअप होता म्हणून उत्पादन थांबले नाही, एवढेच.

फसवणुकीचा पहिला लेखी पुरावा मिळाला तो व्हॅलिडेशन रिपोर्टमध्ये. क्लस्टर उभारण्यापूर्वी विंडोज सर्व भागांची चाचणी घेते आणि तिचा अहवाल सर्व्हरच्या विंडोज फोल्डरमधील ‘क्लस्टर’ आणि त्यातील ‘रिपोर्ट्स’ या फोल्डरात जपून ठेवला जातो. पुरवठादाराने आम्हाला या अहवालाची रंगीत प्रिंट स्पायरल बाइंडिंग करून दिली होती आणि तिच्या पहिल्या पानावर हिरव्या खुणा होत्या. मी मूळ फाइल शोधून वाचली. नेटवर्कच्या, सिस्टिम कॉन्फिगरेशनच्या आणि इन्व्हेंटरीच्या चाचण्या उत्तीर्ण होत्या. स्टोरेजच्या चाचण्या चालवलेल्याच नव्हत्या. विझार्डमध्ये ‘सर्व चाचण्या’ किंवा ‘मी निवडलेल्या चाचण्या’ असा पर्याय येतो, त्यात स्टोरेजसमोरची खूण काढून टाकलेली होती. ज्या भागासाठी सर्वाधिक पैसे दिले होते, नेमका तोच तपासलेला नव्हता. जो अहवाल आपल्या हातात पडतो तो नापास नसतो, अपुरा असतो, आणि अपुरेपणा हिरव्या खुणांमध्ये चटकन दिसत नाही.

डेटा बाजूला काढून, डिस्क ऑफलाइन करून मी पूर्ण चाचणी चालवली, तेव्हा एससीएसआय-3 पर्सिस्टंट रिझर्व्हेशनची चाचणी नापास झाली. विंडोजच्या क्लस्टरचा सारा भरवसा या सोयीवर असतो, म्हणून ती थोडी समजावून घेणे आवश्यक आहे. प्रत्येक नोड स्टोरेजकडे स्वतःची एक किल्ली नोंदवतो आणि मालक असलेला नोड त्या किल्लीने डिस्क राखून ठेवतो. ही राखण तो दर 3 सेकंदांनी तपासत राहतो. मालक नोड गोठला किंवा नेटवर्कवरून तुटला, तर दुसरा नोड त्याची किल्ली रद्द करून डिस्क ताब्यात घेतो, आणि गोठलेला नोड नंतर जागा झाला तरी त्याला लिहिता येत नाही. या व्यवहाराची नोंद सर्व्हरवर नसते, स्टोरेजच्या आत असते. म्हणूनच स्टोरेजला ही आज्ञाच कळत नसेल तर सर्व्हरवर कोणतेही सेटिंग बदलून उपयोग होत नाही.

पुरवठादाराने हे मान्य केले नाही. आधी अँटीव्हायरसवर बोट ठेवले गेले, मग विंडोज अपडेटवर, आणि शेवटी आमच्या स्विचवर, त्याबरोबर नव्या स्विचचे कोटेशनही आले. येथे एक क्रम उपयोगी पडला, तो इतरांनाही पडेल. स्टोरेजच्या 3260 या पोर्टपर्यंत दोन्ही सर्व्हर पोहोचतात, हे आधी पाहिले. जंबो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठी नेटवर्क पॅकेट) चालू असल्याने 8972 बाइटचा पिंग तुकडे न करता जातो का, हेही पाहिले. तो जात होता. नंतर स्विच पूर्णपणे बाजूला काढून पेटीतील दोन सॉकेट थेट दोन सर्व्हरना केबलने जोडले आणि चाचणी पुन्हा घेतली. निकाल तोच आला, त्यामुळे स्विचचा संशय तेथेच संपला. यानंतरची चाचणी निर्णायक ठरली. विंडोज सर्व्हरमध्ये 2012 पासून आयस्कझी टार्गेटची भूमिका, म्हणजे त्या सर्व्हरलाच स्टोरेज बनवणारी सोय, अंगभूत असते आणि तिला पर्सिस्टंट रिझर्व्हेशन कळते. एका पडून असलेल्या जुन्या मशिनवर ती भूमिका चढवली, त्यातून एक लहान लन (स्टोरेजने सर्व्हरला दिलेला डिस्कचा भाग) त्याच दोन सर्व्हरना, त्याच केबलने आणि त्याच स्विचमधून दिला, आणि स्टोरेजच्या चाचण्या उत्तीर्ण झाल्या. अडगळीतल्या मशिनला जे जमले ते लाखोंच्या ‘सॅन’ला जमत नव्हते, हे आता कागदावर आले होते. हे दोन अहवाल शेजारी शेजारी ठेवून ईमेल पाठवल्यावर स्विचचा विषय पुन्हा निघाला नाही.

मल्टिपाथचा प्रकार तर विनोदीच होता. प्रत्येक सर्व्हरपासून पेटीपर्यंत दोन केबल टाकलेल्या होत्या. एमपीआयओ सुरू नसेल तर अशा जोडणीत एकच लन डिस्क मॅनेजमेंटमध्ये दोन वेळा दिसतो. लायसन्सचे पैसे घेणाऱ्यांनी फीचर सुरू न करता दुसरा मार्गच बंद करून ठेवला होता, म्हणजे डिस्क एकदाच दिसेल आणि कोणी प्रश्न विचारणार नाही.

पेटी उघडायची वेळ आली तेव्हा झाकणावर ‘स्टिकर फाटल्यास वॉरंटी रद्द’ अशी पट्टी होती, म्हणून ती पुरवठादाराच्याच इंजिनिअरकडून उघडून घेतली आणि त्याचे फोटो काढले. आत एक साधा मदरबोर्ड आणि त्यावर दोन नेटवर्क कार्डे होती. कोटेशनमधले दोन कंट्रोलर ते हेच. खऱ्या ड्युअल कंट्रोलर पेटीत स्वतंत्र प्रोसेसर आणि मेमरी असलेली दोन युनिट मागच्या बाजूने खेचून काढता येतात, आणि फाइल कॉपी चालू असताना एक युनिट काढले तरी कॉपी थांबत नाही. ही तपासणी स्वीकृतीच्या दिवशी कोणालाही मागता येते, आणि देणारा टाळाटाळ करू लागला की उत्तर मिळालेले असते.

हार्ड डिस्कबद्दल शंका आली ती त्यांच्या सीरियल क्रमांकांमुळे. सीगेटच्या संकेतस्थळावर वॉरंटी तपासली असता त्यातील काहींवर किरकोळ खरेदीदाराची वॉरंटीच नव्हती. 2025 च्या सुरुवातीला जर्मनीतून बातम्या आल्या होत्या की सीगेटच्या वापरलेल्या सर्व्हर डिस्क, आतील स्मार्ट नोंदी (डिस्क स्वतःच्या वापराची ठेवते त्या) शून्यावर आणून, दुकानांतून नव्या म्हणून विकल्या गेल्या; तो माल कंपनीकडून थेट आलेला नव्हता. तेव्हा स्मार्टखेरीज फार्म नावाची दुसरी नोंद या डिस्कमध्ये असते, हे अनेकांना प्रथमच कळले. स्मार्टमॉनटूल्स या मोफत सॉफ्टवेअरच्या 7.4 आवृत्तीपासून ती वाचता येते. एक डिस्क काढून लिनक्सच्या मशिनला जोडली. स्मार्टमध्ये चालू राहिल्याचे तास तीन आकडीही नव्हते आणि फार्ममध्ये 23 हजारांच्या पुढे होते, म्हणजे अडीच वर्षांहून अधिक काळ ती कोठेतरी अखंड फिरलेली होती. या दोन्ही नोंदी एकाच पडद्यावर घेऊन प्रिंट काढली आणि त्या इंजिनिअरची त्यावर सही घेतली. त्याने कुरकूर न करता सही केली. बहुधा त्यालाही ते नवीन असावे.

दाद मागण्याच्या मार्गांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण मित्रमंडळी लगेच ग्राहक मंचाचे नाव घेतात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यावसायिक हेतूने वस्तू घेणारा ‘ग्राहक’ ठरत नाही, त्यामुळे कारखान्यासाठी तो दरवाजा सहसा बंद असतो. 2015 च्या व्यावसायिक न्यायालय कायद्याखाली 3 लाख किंवा त्याहून अधिक मूल्याचा वाद चालवता येतो, पण तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर दावा दाखल करण्यापूर्वी मध्यस्थी बंधनकारक आहे. फसवणुकीचा गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली येतो; तेथे सुरुवातीपासूनच फसवण्याचा हेतू होता हे दाखवावे लागते, आणि आमच्या वकिलांच्या मते स्टोरेजची काढलेली खूण व शून्यावर आणलेले तास हे त्या दृष्टीने सर्वांत बळकट कागद आहेत. आम्ही नोटीस पाठवली असून प्रकरण सध्या मध्यस्थीत आहे.

दरम्यान दुसऱ्या पुरवठादाराकडून स्टोरेज घेताना खरेदी आदेशातच लिहून घेतले की उत्पादकाचे नाव, मॉडेल आणि प्रत्येक डिस्कचा सीरियल क्रमांक बिलावर असेल, स्टोरेजसह पूर्ण व्हॅलिडेशन आमच्या माणसासमोर चालेल, आणि अहवालाची मूळ फाइल मिळाल्याखेरीज निम्मी रक्कम दिली जाणार नाही. शिवाय एक अगदी लहान लन कोणत्याही कामाला न लावता मोकळा ठेवायला सांगितला. स्टोरेजची चाचणी घेताना वापरातल्या डिस्क ऑफलाइन कराव्या लागतात. असा मोकळा लन असेल तर फर्मवेअर किंवा ड्रायव्हर बदलल्यावर काम न थांबवता चाचणी पुन्हा घेता येते.

पहिल्या पुरवठादाराचे फोन अजून येतात. पेटी ‘टेस्टिंगसाठी’ ऑफिसला पाठवा, बदलून देतो, असे प्रत्येक वेळी सांगितले जाते. वकिलांच्या सल्ल्याने ती डिस्कसह सीलबंद करून स्टोअरमध्ये ठेवली आहे आणि सीलवर दोन्ही बाजूंच्या सह्या आहेत. असा प्रसंग कोणावर आलाच, तर पेटी परत नेऊ देऊ नये. बदली माल आधी येऊ द्यावा, आणि जुनी पेटी द्यायचीच असेल तर सर्व सीरियल क्रमांक लिहिलेल्या पोचपावतीवरच द्यावी.