सीपॅप वर्षभर वापरल्यावर: नळीतलं पाणी आणि पहाटेची झोप

मला स्लीप अ‍ॅप्निया आहे, म्हणजे झोपेत श्वास थांबतो, त्यासाठी मी सीपॅप लावते, रात्रभर मास्कमधून दाबाने हवा देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन. मे संपता संपता विजा सुरू झाल्या आणि एका रात्री त्याचा अडॅप्टर जळाला. मशीन ठीक होतं, फक्त अडॅप्टर. पण तेवढ्यासाठी जवळजवळ तीन आठवडे मशीनशिवाय झोपावं लागलं, कारण डीलर म्हणतो व्होल्टेजमुळे गेलं तर वॉरंटीत बसत नाही, कंपनीच्या नंबरवर फोन केला तर ते म्हणतात डीलरशी बोला, डीलर परत म्हणतो "पावसाच्या तोंडार अशें जाताच मॅडम". पावसाच्या तोंडावर असं होतं हे माहीत आहे तर मशीन विकतानाच एक चांगला सर्ज प्रोटेक्टर (व्होल्टेज एकदम वाढलं की वस्तू वाचवतो तो) घ्या म्हणून सांगायला काय होतं? पाचशे-सातशे रुपयांची वस्तू. शेवटी माझेच पैसे भरून नवीन अडॅप्टर मागवला, तो मुंबईहून यायला आणखी वेळ. रोज रात्री लागणारी वस्तू आहे ही, मिक्सर नाही की आठवडाभर थांबलं तरी चालेल.

पण हे लिहायला बसले ते भांडणासाठी नाही. मशीन चालू असताना जे हळूहळू सुधारत होतं ते मला कळतच नव्हतं, बंद पडल्यावर चार दिवसांत कळलं. सकाळी उठताना कपाळ जड, सोसायटीत (गोव्यात डिचोलीला क्रेडिट सोसायटीत हिशेबाला आहे मी) दुपारी तीननंतर डोळ्यासमोर आकडे पण डोक्यात काही नाही, बेरजेतला हातचा निसटायचा, आणि भजनाला बसले की तिसऱ्या कडव्याचा पहिला शब्द ओठावर यायचाच नाही. झुरिकच्या डॉक्टरांनी २०११ साली मुद्दाम सीपॅप थांबवून बघितलं होतं, काही रात्रींतच श्वास थांबणं परत सुरू होतं आणि दोन आठवड्यांत सकाळचं ब्लड प्रेशर चढतं. माझंही चढलं, घरातल्या मशीनवर रोज दिसत होतं.

थोडं मागचं सांगते. माझं वय चोपन्न. स्लीप टेस्टमध्ये एएचआय ३८ आला, म्हणजे तासाला ३८ वेळा श्वास बंद किंवा अर्धवट. ३० च्या वर गेलं की गंभीर धरतात. त्याआधी दोन वर्षं सगळे म्हणायचे बी-१२ कमी असेल, थायरॉइड असेल, मग पाळी गेल्यावर असं होतंच. बायकांचं हे असंच राहून जातं, पाळी गेल्यावर हा आजार वाढतो आणि तक्रार मात्र घोरण्याची नसते, थकवा, झोप मोडणं, डोकं दुखणं असली असते, त्यामुळे कुणाला स्लीप टेस्ट सुचत नाही. आणि माझी आई. तिला डिमेन्शिया होता, म्हणजे स्मृती जाण्याचा आजार, शेवटची सहा-सात वर्षं तिला आम्ही कोण तेच ओळखू येत नव्हतं. ती जन्मभर घोरायची, अंगणापर्यंत ऐकू यायचं, आम्हाला वाटायचं दमलीय म्हणून गाढ झोपलीय. तिला अ‍ॅप्निया होता की नव्हता हे आता कुणी सांगू शकत नाही, पण मी मशीन घेतलं ते माझ्या घोरण्यासाठी नाही, डोक्यासाठी घेतलं, हे आधीच सांगते म्हणजे माझा रिव्ह्यू कुठून येतोय ते कळेल.

मशीनचे स्पेक तुम्हाला माहीतच असतील, ऑटो मोड (दाब आपोआप कमी-जास्त होतो), ४ ते २० प्रेशर, ह्युमिडिफायर सोबत, नाकाचा मास्क. प्रेशरची सवय पंधरवड्यात झाली, आवाज काहीच नाही, एएचआय स्क्रीनवर २-३ दिसतो. यात तक्रार नाही. तक्रार आहे ती नळीतल्या पाण्याची आणि त्यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे कारण कुठल्याच रिव्ह्यूत हे गोव्यातल्या माणसाच्या कामाचं असं लिहिलेलं मला सापडलं नाही.

काय होतं, ह्युमिडिफायर पाणी गरम करून हवा ओली करतो, ती ओली गरम हवा सहा फुटी नळीतून येते, खोलीत एसी असला की नळी थंड, मग आत पाण्याचे थेंब जमतात. याला रेनआउट म्हणतात. पहाटे तीन-साडेतीनला नळीत गुडगुड आवाज सुरू, मग एकदम नाकात पाण्याचा शिंतोडा. माणूस दचकून उठणारच. उठलं की मास्क काढायचा, नळी झटकायची, आणि मास्क परत लावायचा कंटाळा येऊन तसंच झोपायचं. जून-जुलैमध्ये माझं रोजचं हेच होतं. सकाळी स्क्रीनवर साडेचार तास वापर. डीलरला दाखवलं तर तो खूश, म्हणे चार तासांच्या वर आहे, छान चाललंय.

हे चार तासांचं गणित मला पटत नाही. अमेरिकेत विमावाले रात्री चार तास, ७० टक्के रात्री, एवढं झालं की मशीन वापरतो असं धरतात, तो हिशेब पैसे द्यायचे की नाही यासाठीचा आहे, मेंदूसाठीचा नाही. आपल्या झोपेत स्वप्नांची जी झोप असते, आरईएम, ती रात्रीच्या शेवटच्या भागात जास्त असते, आणि त्याच झोपेत घशाचे स्नायू सगळ्यात ढिले पडतात म्हणून अ‍ॅप्निया पण तेव्हाच जास्त वाईट होतो, ऑक्सिजन जास्त खाली जातो. म्हणजे मी तीन वाजता मास्क काढत होते तेव्हा नेमकी गरज असलेलेच तास उघडे सोडत होते. दिवसभराचं लक्षात राहिलेलं पक्कं होतं ते झोपेत होतं. हिप्पोकॅम्पस म्हणून मेंदूत नवीन आठवणींचा भाग आहे, तो ऑक्सिजन कमी झालेला सहन करू शकत नाही, आणि आईसारख्या आजारात पहिला मार बसतो तोही बहुतेक तिथेच. २००६ साली स्मरणशक्ती कमी झालेल्या अ‍ॅप्नियाच्या पेशंटवर एक अभ्यास झाला होता, तीन महिन्यांनी जे रात्री सहा तासांच्या वर सीपॅप लावायचे त्यांची स्मरणशक्ती नॉर्मलला येण्याची शक्यता दोन तासांच्या आत लावणाऱ्यांपेक्षा आठ पटीच्या आसपास होती. चार तास नाही, सहा. तेव्हा नळीतलं पाणी ही किरकोळ गैरसोय नाही, तेच माझ्या औषधाचा अर्धा डोस ओतून टाकत होतं.

डीलरचा उपाय, हीटेड ट्यूब, म्हणजे स्वतः गरम राहणारी नळी, घ्या. साडेचार हजार. पन्नास हजारांच्या आसपास मशीनला मोजले, वर मास्कचे वेगळे, आणि आता नळी. मी घेतली नाही. घरी जुनी मऊ सुती शाल होती तिचं आमच्या नणंदबाईंनी नळीला लांब खोळीसारखं कव्हर शिवून दिलं. मशीन उशीच्या बरोबरीच्या टेबलावर होतं ते खाली स्टुलावर ठेवलं, म्हणजे जे पाणी जमेल ते नाकाकडे न येता टाकीकडे परत जातं. ह्युमिडिटी ५ वरून २ वर आणली. एवढ्यावर पाणी यायचं बंद झालं आणि वापर सहा-साडेसहा तासांवर गेला.

ज्या रात्री एसी लावत नाही, खिडकी उघडी आणि पंखा, त्या रात्री पावसाळ्यात ह्युमिडिफायर बंदच ठेवते. बाहेरचीच हवा एवढी ओली की भिंतींना बुरशी येते, त्यात आणखी वाफ कशाला. तेव्हा माझं ठाम मत झालं होतं की गोव्यात ह्युमिडिफायरवाल्या मॉडेलचे जास्त पैसे देणं म्हणजे वाया. हे मत डिसेंबरात बदललं. डिचोलीत थंडीच्या दिवसांत हवा चांगली सुकी होते, नाक आतून सोलल्यासारखं झालं, दोन-तीनदा रक्त दिसलं, तेव्हा ३ वर लावून झोपले आणि दोन दिवसांत बरं. त्यामुळे ह्युमिडिफायर घ्याच, पण सेटिंग महिन्याप्रमाणे बदला, डीलर लावून देतो त्या आकड्यावर वर्षभर ठेवू नका. टाकीत डिस्टिल्ड वॉटरच घाला, आमच्या विहिरीचं पाणी उकळून घातलं तर तळाला थर बसतो.

फिल्टर. आमच्या रस्त्यावरून खनिजाचे ट्रक पुन्हा जायला लागल्यापासून पांढरा फिल्टर पंधरा दिवसांत लाल होतो, कंपनी म्हणते महिन्याने बदला. इथे महिनाभर थांबू नका.

लाईट जाण्याचं पण सांगते. ह्युमिडिफायरचा हीटर बंद ठेवला तर आमच्या घरच्या साध्या इन्व्हर्टरवर रात्र निघते, हीटर चालू असला तर बॅटरी फार लवकर उतरते.

आता मुख्य प्रश्न, डोक्याला फरक पडला का. हो. पण कुठला ते नीट सांगायला हवं. दुपारची झापड पहिल्या महिन्यात गेली. लक्ष लागणं, हिशेबात सलग तासभर बसणं, हे सहा तास वापर व्हायला लागल्यावर तीनेक महिन्यांत आलं. भजनातली कडवी परत आली, चवथीला आरत्या पुस्तकाशिवाय म्हटल्या. माणसांची नावं मात्र अजून अडकतात, त्यात फार फरक नाही. मिलानच्या लोकांनी १७ पेशंटचे एमआरआय काढले होते, तीन महिन्यांच्या सीपॅपनंतर हिप्पोकॅम्पसमध्ये ग्रे मॅटर (मेंदूच्या पेशींचा भाग) वाढलेलं दिसलं, वर्षाने व्हाइट मॅटरही (पेशींना जोडणारे तंतू) बरंच सुधारलं. हे वाचून मला रडू आलं होतं. पण १७ च माणसं. त्याच्या उलट अमेरिकेत हजाराहून जास्त लोकांवर सहा महिने झालेल्या मोठ्या अभ्यासात, ज्यात निम्म्यांना दाब नसलेलं खोटं सीपॅप दिलं होतं, झोपाळूपणा स्पष्ट कमी झाला पण स्मरणशक्तीच्या चाचण्यांत फारसा फरक सापडला नाही. आणि लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या डिमेन्शियाच्या अहवालात टाळता येण्यासारखी १४ कारणं दिलीत, त्यात ब्लड प्रेशर आहे, कमी ऐकू येणं आहे, स्लीप अ‍ॅप्निया नाही. म्हणून कुणी विक्रेता सीपॅप घेतलं की डिमेन्शिया होणार नाही म्हणाला तर त्याच्याकडून घेऊ नका. माझं बीपी उतरलंय, ऑक्सिजन रात्रभर ९० च्या वर असतो, दिवसा मी जागी असते. माझ्यासाठी हे पन्नास हजारांचं चीज आहे, आईला हे मिळायला हवं होतं असं मला अजून रोज वाटतं.

मशीनला पाच पैकी साडेचार, डीलरच्या सर्व्हिसला एक.

कव्हर शिवायचं असेल तर: कापड सुतीच घ्या, दुहेरी. लांबी नळीपेक्षा वीतभर जास्त, कारण नळी वाकते तिथे कापड चढतं. रुंदी नळीच्या घेरापेक्षा दोन बोटं सैल. मास्ककडच्या टोकाला इलॅस्टिक, मशीनकडच्या टोकाला नाडी. मास्कवर जिथून श्वास बाहेर जातो ती बारीक भोकं कापडाखाली झाकायची नाहीत, कव्हर त्याच्या चार बोटं अलीकडे थांबवा. दोन शिवा, पावसात धुतलेलं वाळत नाही.