बॅकअपच्या नावाखाली ११,६९,००० घालवले

अकरा लाख एकोणसत्तर हजार. आकडा मुद्दाम पूर्ण लिहितोय, कारण आमच्या ऑफिसात तो उच्चारायचाच नाही असं ठरल्यासारखं झालंय. दोन वर्षांचा करार, दरवर्षी ४,८६,०००. मध्येच गळ्यात मारलेली रॅम ६२,०००. आणि सगळं बुडाल्यावर 'तातडीची रिकव्हरी' म्हणून उकळलेले १,३५,०००. गेलेल्या डेटाची किंमत यात धरलेली नाही.

बॅकअपची सेवा विकणारे हे लोक कसे येतात ते तुम्हाला सांगायला नको. गोड बोलणं, चकचकीत सादरीकरण, मोठ्या गिऱ्हाइकांची नावं. करारात लिहिलेलं: सर्व व्हर्च्युअल सर्व्हरचा (एकाच मोठ्या मशीनवर सॉफ्टवेअरने चालणारे वेगवेगळे सर्व्हर) रोज इमेज बॅकअप, म्हणजे अख्ख्या सर्व्हरची प्रत, ३० दिवसांची साठवण, दुसऱ्या जागी एक प्रत, दर महिन्याला चाचणी रिस्टोअर (बॅकअपमधून सर्व्हर परत उभा करून बघणं) आणि त्याचा अहवाल. रोज सकाळी ईमेल यायची, अकराही सर्व्हरसमोर हिरवं 'सक्सेस'.

प्रत्यक्षात होते नुसते स्नॅपशॉट. रोज रात्री एक घ्यायचा, जुना पुसायचा, तेही त्याच डेटास्टोअरवर, म्हणजे सर्व्हरच्या डिस्क फाइल जिथे असतात त्याच साठवणीवर. स्नॅपशॉटमध्ये मूळ डिस्क फाइल आहे तिथेच गोठते आणि पुढचे बदल शेजारच्या डेल्टा फाइलमध्ये जातात. मूळ फाइल गेली की डेल्टा चाटायची का? हे व्हर्च्युअल सर्व्हर ज्या सॉफ्टवेअरवर चालतात ते बनवणारी व्हीएमवेअर स्वतःच सांगते की स्नॅपशॉटला बॅकअप समजू नका, ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका. आमची स्टोरेज रेड ५ वर होती (अनेक डिस्क मिळून डेटा सांभाळायची एक पद्धत). एक डिस्क गेली, नवी बसवून तिच्यावर डेटा पुन्हा भरणं (रिबिल्ड) चालू असताना दुसरी गेली. रेड ५ एकाच डिस्कचं जाणं सोसतं. सर्व्हर आणि त्यांचे 'बॅकअप' एकदमच गेले. दुसऱ्या जागची प्रत? ती कधी नव्हतीच.

आता ज्या गोष्टीने अजून झोप लागत नाही ती सांगतो. जूनच्या चाचणी अहवालात रिस्टोअर केलेल्या सर्व्हरचा स्क्रीनशॉट होता, विंडोजची लॉक स्क्रीन. त्यावर ठळक अक्षरांत तारीख मार्चची! मी ती पाहिली. विचारलंही. उत्तर आलं, "सर, रिस्टोअर केलेला सर्व्हर बॅकअप घेतला त्या वेळचंच घड्याळ दाखवतो." बोलण्यात इतका आत्मविश्वास की मीच ओशाळलो. हे धादांत खोटं आहे. बॅकअपमधून परत आणलेला व्हर्च्युअल सर्व्हर चालू केला की वेळ होस्टकडून, म्हणजे तो ज्या मशीनवर चालतो तिच्याकडून घेतो, आजची तारीख दाखवतो. आणि ते मला माहीत नव्हतं असं धरलं, तरी साधी वजाबाकी तर येत होती ना? साठवण ३० दिवसांची, मग जूनमध्ये मार्चचा बॅकअप आला कुठून? हा प्रश्न मला सुचला तेव्हा दुसऱ्या वर्षाचा चेक वटलेला होता. सहा महिने तोच एक फोटो फिरवत होते.

लोक म्हणतात, तुम्ही बघायला हवं होतं. अहो, मी हिशेब आणि खरेदी सांभाळतो, हे बघायलाच तर पैसे मोजले होते! २०१७ साली गिटलॅब या प्रोग्रॅमरांचा कोड साठवणाऱ्या कंपनीत डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा बॅकअपच्या पाच पद्धतींपैकी एकही धड चालत नसल्याचं कळलं, आणि बॅकअप फसल्याच्या ईमेलही कुणापर्यंत पोहोचत नव्हत्या. त्यांच्याकडे तर इंजिनिअरांची फौज. त्यांनी निदान सगळं उघडपणे लिहून टाकलं.

वेळेकडेही बघा. चार टीबी डेटा आहे तसाच, न दाबता, एक गिगाबिटच्या लाइनवरून पाठवला तर पहिल्या पूर्ण बॅकअपला साधारण नऊ तास लागतात. आमच्या पहिल्याच अहवालात कालावधी होता ४० सेकंद. म्हणे 'फक्त बदललेले ब्लॉक (डिस्कचे तुकडे) घेतो'. पहिल्याच रात्री कशाच्या तुलनेत बदललेले?

आणि ती रॅम. मूळ फाइल आणि तिच्या डेल्टा फाइल अशी स्नॅपशॉटची साखळी कायम चालू राहिली की डिस्कचं वाचन मंदावतं, अकाउंटिंगचा सर्व्हर रखडत होता तो त्यामुळेच. यांनी स्वतःच केलेल्या दुखण्यावर ६२,००० चं औषध विकलं.

डिस्क गेल्यावर पहिले दोन दिवस "दुसऱ्या जागेवरून डाउनलोड चालू आहे". मग "तातडीचा चार्ज भरा, लाइन वाढवून घेतो". भरले. बुडणारा माणूस काडीला पैसे देतो. त्यानंतर फोन बंद.

सायबर पोलिसांकडे गेलो. पहिला प्रश्न, "हॅकिंग झालंय का?" नाही म्हटलं तर "मग आमच्याकडे कशाला आलात?" दुसऱ्या टेबलावर सांगितलं की करार झालाय म्हणजे दिवाणी वाद, कोर्टात जा. तिसऱ्याने पंचनाम्यासाठी सर्व्हर इथे घेऊन या म्हटलं. रॅकमधून उपटून! खोटे अहवाल दाखवून पैसे घेतले, हे मी ओरडून सांगत होतो, तर म्हणे ईमेलच्या प्रिंट काढून प्रत्येक पानावर सही करा. केल्या. अजून पोचपावतीसुद्धा नाही. ग्राहक तक्रार केंद्राने सेवा व्यावसायिक वापराची आहे म्हणून दारातूनच परत पाठवलं. कहर केला तो विमा कंपनीने. अर्जात आम्ही 'नियमित बॅकअप घेतला जातो' असं लिहिलं होतं. तो घेतला जात नव्हता, म्हणजे आम्हीच खोटी माहिती दिली, म्हणून दावा फेटाळला. ज्याने फसवलं तो मोकळा आणि कागदावर खोटारडे आम्ही.

असाच करार असेल तर आजच एका सर्व्हरवर मनाला येईल त्या नावाची फाइल ठेवा, कुणाला सांगू नका. उद्या ती मागा, आणि रिस्टोअर तुमच्या डोळ्यांसमोर, वेगळ्या नेटवर्कवर करायला लावा. स्क्रीनशॉट स्वीकारू नका. दुसऱ्या जागच्या स्टोरेजचं खातं तुमच्या नावावर हवं, एन्क्रिप्शनची (डेटाच्या कुलपाची) किल्ली तुमच्या तिजोरीत. बॅकअप सर्व्हर डोमेनमध्ये, म्हणजे ऑफिसच्या सामाईक लॉगिन व्यवस्थेत जोडलेला असेल तर तोडा, नाहीतर रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) सर्व्हर आणि बॅकअप दोन्ही एकाच पासवर्डने नेईल. खर्चाचं कारण सांगणाऱ्यांना सांगतो, व्हीएमवेअरवरच्या सर्व्हरची माहिती काढणारा आरव्हीटूल्स हा प्रोग्रॅम फुकट आहे, सगळे स्नॅपशॉट तारखेसकट दाखवतं. डेटास्टोअरमध्ये ०००००१ असे आकडे लागलेल्या डिस्क फाइल दिसल्या तर समजा की साखळी चालू आहे.

फक्त ती सापडल्यावर रागाच्या भरात सगळे स्नॅपशॉट पुसणारं 'डिलीट ऑल' दाबू नका. जागा कमी असेल तर डेल्टाचं मूळ फाइलमध्ये विलीनीकरण अर्ध्यात अडकतं आणि डेटास्टोअर भरून बाकीचे सर्व्हरही थांबतात. आधी दुसऱ्या स्टोरेजवर सर्व्हरचा क्लोन (हुबेहूब प्रत) काढा, त्यात सगळी साखळी एका डिस्कमध्ये येते. तो चालू करून बघा, मगच मूळ सर्व्हरला हात लावा.