सिलिका जेलच्या नावाखाली विकलेले रंगीत दाणे

घरच्या प्रयोगशाळेसाठी निळं सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे, मागवलं असेल, तर पाकीट फोडल्याबरोबर चार दाणे ओल्या कापसावर टाकून बघा. खरे दाणे थोड्या वेळात गुलाबी पडायला लागतात, कारण त्यांच्यातलं कोबाल्ट क्लोराइड पाणी धरलं की रंग बदलतं. मला विकलेले दाणे रात्रभर ओल्या कापसावर राहूनही निळेच होते, आणि कापूस मात्र शाई सांडल्यासारखा निळा झाला. साधे पांढरे दाणे रंगात बुचकळून 'इंडिकेटिंग', म्हणजे रंग बदलून ओल दाखवणारे, म्हणून चढ्या भावाने माझ्या गळ्यात मारले होते.

लबाडी उघडी पडली ती मोरचुदामुळे. मोरचूद तापवून त्यातलं पाणी काढलं की पांढरी भुकटी उरते, आणि पाणी लागलं की ती पुन्हा निळी होते. पाण्याचा अंश कसा ओळखायचा हे मुलांना दाखवायला मी ती करून ठेवतो. जुलैतल्या ठाण्याच्या हवेत ती उघडी टिकणं शक्यच नाही, म्हणून डेसिकेटरमध्ये, म्हणजे वस्तू कोरड्या ठेवायच्या घट्ट झाकणाच्या भांड्यात, या दाण्यांवर ठेवली होती. झाकणाच्या कडेला ग्रीस नीट लावलेलं. तरी भुकटी कडांनी फिकट निळी व्हायला लागली. दाणे गडद निळे, म्हणजे कोरडे. आणि त्यांच्याच डोक्यावर मोरचूद पाणी धरतंय. दोन्ही एकदम खरं कसं असेल?

मग पाकिटातले 50 ग्रॅम दाणे ओव्हनमध्ये 120 अंशांवर, वजन उतरायचं थांबेपर्यंत तापवले. 37 ग्रॅम उरले. सिलिका जेल स्वतःच्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढं पाणी धरतं, आणि हे तर तेवढं आधीच पिऊन आले होते. किलोच्या पाकिटात पाव किलोवर पाणी, तेही सिलिका जेलच्या भावाने!

विक्रेत्याला व्हिडिओ पाठवला. 'पावसाळ्यात असं होतंच सर, तापवून घ्या,' एवढंच उत्तर. सुकवलेले दाणेही पाण्यात गुलाबी होत नाहीत, त्यावर चकार शब्द नाही. वर पाकीट फोडलंय म्हणून माल परत घेणार नाही म्हणे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर तक्रार केली आहे. पैसे अजून आलेले नाहीत. पण चीड पैशांची नाही. या रंगावर भरवसा ठेवून कुणी निर्जल कॅल्शियम क्लोराइड बंद करून ठेवेल आणि महिन्याने त्याचा चिखल हातात येईल, याची आहे.

कोबाल्ट क्लोराइड विषारी, म्हणून मी आता कोबाल्ट नसलेले नारिंगी दाणे घेतो. त्यांनाही हीच कसोटी लावा: ओल लागली की प्रकारानुसार ते हिरवे किंवा रंगहीन होतात. कोणता रंग होणार हे पाकिटावर छापलेलं नसेल, बॅच क्रमांक आणि उत्पादकाचा पत्ता नसेल, तर घेऊच नका. आणि पाकीट फोडण्यापासून वजन करेपर्यंतचा सलग व्हिडिओ काढा, तक्रारीला तोच पुरावा लागतो.