शंकास्पद ओळीचे काय करायचे? निकाल दर्शवण्याच्या पद्धतींची तुलना

रावेर-यावल पट्ट्यातील केळीखरेदीच्या नोंदी वाचणारा प्रोग्राम लिहायला घेतला, की प्रत्येक ओळीचा निकाल कसा दर्शवायचा हे आधी ठरवावे लागते. वजनाचा रकाना क्विंटलचा असतो, पण त्यात कोणी ‘१८५’ लिहितो, कोणी ‘१८५००’, तर कोणी तो कोराच सोडतो. पहिली ओळ नीट आहे आणि तिसरी बाद आहे. खरा प्रश्न दुसरीचा आहे, कारण एका ट्रकमध्ये साडेअठरा हजार क्विंटल केळी मावणार नाहीत, म्हणजे आकडा किलोचा असणार हे दिसत असले, तरी ते आपले गृहीतक आहे आणि ते कोठेतरी नोंदले गेले पाहिजे.

एक्सेप्शन, म्हणजे चूक आढळताच चालू काम तोडून ती वर कळवणे, ही सर्वांच्या ओळखीची पद्धत आहे आणि फाइलच सापडली नाही तर तीच योग्य ठरते. ओळीच्या पातळीवर मात्र एक्सेप्शन फेकले की दुरुस्त केलेले वजनही हातचे जाते. पायथन भाषेतील इशारे देणारे वॉर्निंग्ज मॉड्यूल किंमत (म्हणजे वाचलेले मूल्य, येथे वजन) शाबूत ठेवते, पण कोडच्या एकाच जागेवरून आलेली तीच सूचना ते सहसा एकदाच दाखवते, त्यामुळे चाळीस ओळींत तोच घोळ असला तरी पडद्यावर एकच दिसतो.

रस्ट भाषेतील ‘रिझल्ट’ हा निकालाचा प्रकार अधिक शिस्तीचा आहे, कारण तो न तपासता सोडल्यास कंपायलर (कोडचे भाषांतर करणारा प्रोग्राम) टोकतो. तथापि त्यात ‘ओके’ (यश) किंवा ‘एर’ (चूक) एवढेच दोन दरवाजे असल्याने शंकास्पद ओळीला आपली जागा मिळत नाही. (जाता जाता: मजकुरातून आकडा वाचणारा पायथनचा ‘इंट’ देवनागरी ‘१८५’ निमूट वाचतो, तर रस्टचा ‘पार्स’ त्याला चूक म्हणतो. खानदेशातील फाइलसाठी हा फरक किरकोळ नाही.)

मग यश, इशारा आणि अपयश अशा तीन पर्यायांचा एनम (ठरावीक पर्यायांपैकी एकच घेणारा प्रकार) करण्याचा मोह होतो, पण तो टाळावा असे माझे मत आहे. वजन आणि तारीख यांचे निकाल एकत्र करायचे म्हटले की नऊ जोड्या हाताळाव्या लागतात, आणि इशाऱ्यात एकाच मजकुराची सोय असेल तर दुसरा हरवतो.

स्काला भाषेच्या कॅट्स लायब्ररीतील ‘आयओर’ हा प्रकार यापेक्षा सरस वाटतो. त्यात फक्त चूक, फक्त किंमत, किंवा दोन्ही अशा तीन अवस्था असतात. ‘दोन्ही’ असेल तर काम पुढे चालते आणि सूचना साठत जातात, नुसती चूक असेल तर तेथेच थांबते. इतर भाषांत ऐच्छिक (असेल किंवा नसेल अशी) किंमत आणि सूचनांची यादी एकत्र ठेवणारा साधा स्ट्रक्ट पुरतो. गो भाषेतील किंमत-एरर (मूल्य आणि चूक) ही जोडी दिसायला तशीच असली, तरी एरर आला की सोबतच्या किंमतीवर विसंबू नये असा तेथील संकेत आहे, म्हणून ती येथे चालत नाही.

आवकेच्या नोंदींसाठी मी ‘दोन्ही’चीच रचना निवडेन, शेतकऱ्याच्या देयकासाठी मात्र शंकास्पद ओळ बाद धरून माणसाकडे पाठवेन. दोन्हीकडे सूचना पूर्ण हवी: ओळ २१२, मूळ मजकूर ‘१८५००’, घेतलेले वजन १८५ क्विंटल, कारण आकडा किलोत समजला.