खोलीतल्या कपाटात ठेवलेलं ‘जीन जेल’

माझ्या सात वर्षांच्या लेकीला डिस्ट्रॉफिक एपिडर्मोलायसिस बुलोसा हा जन्मजात त्वचेचा आजार आहे. कपड्याची शिवण घासली तरी फोड येतो, म्हणून फ्रॉक उलटा घालायचा. दिवसाआड ड्रेसिंग, दोन तास. चिकटपट्टी लावायची नाही, काढताना कातडीच निघते. वरची कातडी खालच्या थराला धरून ठेवणारं सातव्या प्रकारचं कोलॅजन तिच्या शरीरात नीट बनत नाही. माझं लग्न आतेभावाशी झालंय. सदोष जीन आम्हा दोघांकडून आला. ही बोच मनात होती आणि समोरच्याने नेमकी तीच धरली.

अमेरिकेत मे २०२३ मध्ये ‘व्हायज्यूवेक’ला मान्यता मिळाल्याची बातमी वाचली होती. जखमेवर लावायचं जेल, त्यातल्या निरुपद्रवी केलेल्या हर्पिस विषाणूतून चांगला जीन पेशीत जातो. बातमी खरी होती, म्हणून तर फसले. नात्यातल्या एकाने नंबर दिला. फोनवरचे ‘डॉक्टरसाहेब’ गोड बोलायचे. “ताई, चूक तुमची नाही, पण दुरुस्त करणं तुमच्या हातात आहे.” तेच औषध ट्रायलमधून मिळेल म्हणाले. नोंदणीचे २५ हजार, पहिल्या डोसचे १ लाख ४० हजार. बांगड्या मोडल्या. पैसे एका बाईच्या खात्यावर गेले, पावतीवर लिहिलं होतं ‘सल्ला शुल्क’. तेव्हाच खटकायला हवं होतं.

जीन तपासणीचा रिपोर्ट दाखवायला गेले तर म्हणे, नको, सगळ्यांना चालतं. खरं तर हे औषध फक्त डिस्ट्रॉफिक प्रकारासाठी आहे, आणि दोष कोल-सेव्हन-ए-वन या, म्हणजे त्याच कोलॅजनच्या, जीनमध्येच हवा.

ट्यूब साध्या कुरिअरने आली. कपाटात ठेवा म्हणाले. आठ दिवसांत कोपरावरची जखम सुकली आणि मी देवापुढे पेढे ठेवले! दहाव्या दिवशी पाठ चिघळली, ताप चढला.

आमच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी ट्यूब हातात घेतली नि पहिलाच प्रश्न विचारला, “बर्फात आली होती?” खरं औषध गोठवलेलं येतं, फार्मसीत जेलमध्ये मिसळतात, आठवड्यातून एकदा जखमेवर थेंबाथेंबाने लावतात. आणि कोपर? या आजारात काही जखमा आपोआपही मिटतात. त्या औषधाच्या चाचणीत ३१ रुग्ण होते. प्रत्येकाच्या एका जखमेवर औषध लावलं, दुसरीवर नुसतं जेल. सहा महिन्यांनी औषधाच्या ६७ टक्के जखमा भरल्या होत्या, पण नुसत्या जेलच्याही २२ टक्के! माझा पेढा त्या बावीस टक्क्यांचा.

बाईंनी आणखी एक सांगितलं. खऱ्या ट्रायलमध्ये रुग्णाकडून औषधाचे पैसे घेत नाहीत, आणि भारतात प्रत्येक ट्रायलची सीटीआरआयवर, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदवहीत, नोंद लागते. ती नोंद कुणालाही फुकट पाहता येते. मी ‘डॉक्टरसाहेबां’कडे नोंदणी क्रमांक मागितला. “ताई, विश्वास नाही का?” म्हणाले, फोन ठेवला.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण पाच आठवड्यांनी. पैसे तोवर पुढे गेले होते. पोलिसांनी ट्यूब तपासायला घेतली, अजून काही कळवलेलं नाही. घरी सांगायला मला लाज वाटत होती, त्यातच ते पाच आठवडे गेले.

पाडव्याला त्याच नंबरवरून शुभेच्छा आल्या. खाली ओळ होती : दुसऱ्या डोसवर वीस टक्के सूट.