आधी टार्गेट लिहायचं की आधी विचारायचं?

एप्रिल आला की ऐरोली-घणसोलीच्या ऑफिसांत वर्षभराची 'गोल्स' भरायचा फॉर्म येतो. ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने येताना टीममधली एक मुलगी म्हणाली, "दादा, हा फॉर्म नीट भरू, की सरळ मॅडमना विचारू माझं काय चुकतंय?"

काम हाताला बसलेलं असेल तर आधी टार्गेट, तेही आकड्यात. 'जमेल तेवढं करेन' म्हणजे न ठरवल्यासारखंच. अमेरिकेत ओक्लाहोमातल्या लाकूडवाहू ट्रकवर मानसशास्त्रज्ञ गॅरी लॅथम यांनी 1975 मध्ये अभ्यास छापला. कायद्याने चालेल त्याच्या साधारण 60 टक्केच माल भरला जायचा. 94 टक्क्यांचं लक्ष्य दिलं आणि भरणा 90 च्या आसपास गेला, तोही जादा पैसे न देता.

पण ते चालक मुरलेले होते. ही मुलगी तीन महिन्यांपूर्वी नव्या प्रोसेसवर आलीय. विमान वाहतूक नियंत्रणाचं सिम्युलेटरवरचं काम शिकणाऱ्यांवर 1989 मध्ये प्रयोग झाला, तेव्हा अगदी सुरुवातीलाच आकड्याचं लक्ष्य दिल्यावर कामगिरी उलट घसरली. डोकं शिकण्यात गुंतलेलं, त्यात आकड्याचं ओझं. तिने आधी विचारावं. लक्ष्य हवंच असेल तर 'रोज 40 केसेस' नको, 'या महिन्यात नाकारलेल्या केसेसची पाच कारणं ओळखता यायला हवीत' असं ठेवावं.

विचारण्यातही गोम आहे. क्लुगर आणि डेनिसी या संशोधकांनी 1996 मध्ये आधीच्या अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात फीडबॅकने सरासरी फायदाच दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त वेळा काम बिघडलं. लक्ष कामावरून 'मी कशी आहे' याकडे वळलं की असं होतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून 'मॅडम, माझं कसं चाललंय?' विचारू नये. त्यावर 'छान चाललंय गं' एवढंच मिळतं, नाहीतर मूड जातो. कालची एक फाइल समोर ठेवून 'ही कुठे अडली?' विचारावं. चारचौघांत विचारलं की 'हिला येत नाही' असं वाटेल ही भीती असतेच, तेव्हा चहाच्या वेळी गाठावं.

हात बसल्यावर मात्र दोन्ही लागतात. बँड्युरा आणि सर्व्होन या मानसशास्त्रज्ञांनी 1983 मध्ये दाखवलं की लक्ष्य आणि आपण कुठे पोचलो याची माहिती एकत्र मिळाली तेव्हाच लोकांनी सर्वांत जास्त जोर लावला. नुसतं एक देऊन तेवढा फरक पडला नाही.

रबाळे येईपर्यंत तिने आकड्याचा रकाना रिकामा ठेवायचं ठरवलं होतं. तो जूनमध्ये भरायला मॅडम परवानगी देतील का, हा तिचा पुढचा प्रश्न.