एमएसपीचं जेल, मायक्रोसॅटेलाइट की तयार जीनोम डेटा: मलेरियाच्या प्रोजेक्टआधी हे वाचा

दरवर्षी गणपती झाले की नाशिकमधल्या एमएस्सीच्या पोरापोरींचे मेसेज सुरू होतात, ताई मलेरियाच्या पॅरासाइटची जेनेटिक डायव्हर्सिटी घ्यायचीये आणि तिचा आजाराशी संबंध दाखवायचाय, तर एमएसपीचं जेल करू, मायक्रोसॅटेलाइट करू की नेटवरचा तयार डेटा घेऊन लॅपटॉपवरच उरकू. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहिते.

यंदा सुरगाण्याकडच्या एका मुलीने फार चांगला प्रश्न आणला. तिच्या पाड्यावर एकाच आठवड्यात दोघांना फाल्सिपेरम, म्हणजे मलेरियाचा जास्त घातक प्रकार, झाला, एक जण घरीच गोळ्या घेऊन चार दिवसांत कामाला लागला आणि दुसऱ्याची शुद्ध हरपली, त्याला रातोरात नाशिकला आणावं लागलं. तिचं म्हणणं, दोघांच्या रक्तातला जंतूच वेगळा होता का? ऐकायला एकच प्रश्न वाटतो पण आत तीन आहेत. प्रत्येकाच्या रक्तात जंतूचे वाण किती होते, दोघांतले वाण तेच होते की वेगळे, आणि त्यातला एखादा वाण जास्त घातक होता का. वरच्या तीन पद्धती या तीन प्रश्नांना सारख्या लागू पडत नाहीत, आणि मार्कर, म्हणजे वाण ओळखायची डीएनएतली खूण, आधी ठरवून प्रश्न मागून चिकटवला की व्हायव्हाला अडकायला होतं.

आधी एमएसपीचं जेल, कारण ऐंशी टक्के पोरं तिथूनच सुरुवात करतात. एमएसपी-१ आणि एमएसपी-२ ही लाल पेशीत शिरणाऱ्या जंतूच्या अंगावरची प्रोटीन्स, त्यांच्या जीनमध्ये काही तुकडे पुन्हा पुन्हा येतात आणि किती वेळा येतात ते वाणागणिक बदलतं, म्हणून पीसीआरने त्या भागाच्या प्रती वाढवून जेलवर लावल्या की वेगवेगळ्या लांबीचे बँड, म्हणजे पट्टे, दिसतात. एमएसपी-१ मध्ये के१, मॅड२० आणि आरओ३३ अशी तीन घराणी, एमएसपी-२ मध्ये एफसी२७ आणि ३डी७ अशी दोन. रक्तातला जंतू हॅप्लॉइड असतो, म्हणजे प्रत्येक जीनची एकच प्रत, त्यामुळे एका पेशंटमध्ये एकाच जीनचे दोन बँड आले तर किमान दोन क्लोन, म्हणजे वेगळे वाण, आहेत असं धरतात. ज्या जीनवर जास्तीत जास्त बँड आले तो आकडा म्हणजे त्या पेशंटचा मल्टिप्लिसिटी ऑफ इन्फेक्शन, एमओआय. साधं आहे, पीसीआर मशीन आणि जेलचा डबा असलेल्या कुठल्याही कॉलेजात होतं, आणि हात बसायला याच्याइतकं चांगलं काही नाही.

पण जेल काय बघतं ते नीट समजून घ्या. लासलगावला कांदा आकाराने निवडतात ना, गोल्टी वेगळी, मोठा वेगळा, तसं जेल फक्त लांबी निवडतं. दोन वेगळ्या शेतांतली गोल्टी एकाच ढिगात जाते, तसे आतली अक्षरं वेगळी पण लांबी सारखी असलेले दोन वाण एकाच बँडमध्ये बसतात, आणि दोन टक्के अॅगरोजवर दहा-वीस बेसचा, म्हणजे डीएनएच्या अक्षरांचा, फरक डोळ्यांनी सांगणं तर खरंच कठीण. वर आणखी एक, लहान तुकडा पीसीआरमध्ये जास्त वाढतो आणि मोठ्याला दाबतो, म्हणजे कमी प्रमाणात असलेला वाण दिसतच नाही. याच कारणाने ग्लर्प हा तिसरा मार्कर मागे पडला, औषध दिल्यावर परत आलेला ताप जुन्याच जंतूचा की नवा हे ठरवायला जागतिक आरोग्य संघटना आधी एमएसपी-१, एमएसपी-२ आणि ग्लर्प सुचवायची, २०२१ मध्ये ग्लर्पच्या जागी मायक्रोसॅटेलाइट घ्या असा सल्ला आला.

हा नेस्टेड पीसीआर, म्हणजे पहिल्या राउंडमधून निघालेलं घेऊन परत दुसरा राउंड, असल्याने कंटॅमिनेशनचं भय वेगळंच. माझ्या प्रोजेक्टात निगेटिव्ह कंट्रोलला बँड आला कारण मी पहिल्या राउंडच्या ट्यूबा जिथे उघडल्या तिथेच दुसऱ्या राउंडचं मिक्स लावलं, तीन आठवड्यांचं सगळं काम टाकून द्यावं लागलं. दोन राउंडला दोन जागा आणि दोन पिपेट सेट मिळत नसतील तर हा मार्ग घेऊच नका. आणि पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून नुसता ३डी७ या लॅबमधल्या वाणाचा (घराण्याचं नावही तेच) डीएनए ठेवला तर तो एकच क्लोन आहे, प्रत्येक जीनचं एकच घराणं देणार, बाकी घराण्यांचे प्रायमर, म्हणजे पीसीआरला कुठला भाग वाढवायचा ते दाखवणारे डीएनएचे छोटे तुकडे, चालतायत का हे त्यावरून कळणार नाही.

आता मायक्रोसॅटेलाइट. हे दोन-तीन अक्षरांचे तुकडे, एकामागून एक जोडलेले, फाल्सिपेरमच्या जीनोममध्ये ढीगभर, कारण तो जीनोम साधारण ८० टक्के ए आणि टी यांचाच बनलाय. प्रायमरला रंग लावतात आणि तुकड्याची लांबी कॅपिलरी मशीनवर मोजतात, त्यामुळे तीन बेसचा फरकसुद्धा कळतो. नाशिकमध्ये मशीन हाताशी नसेल तर सॅम्पल बाहेर पाठवावी लागतात, म्हणजे खर्च आणि वाट बघणं दोन्ही आलं, आणि मशीनवर मुख्य शिखराशेजारी जी बारकी शिखरं येतात, स्टटर म्हणतात त्यांना, ती वेगळे क्लोन म्हणून मोजायची चूक नवखी पोरं हमखास करतात. मुख्य शिखराच्या उंचीच्या एक तृतीयांशाहून बुटकं शिखर धरायचं नाही असा काहीतरी नियम सुरुवातीलाच लिहून ठेवा आणि शेवटपर्यंत बदलू नका.

तरी सुरगाण्याच्या मुलीचा दुसरा प्रश्न, वाण तोच की वेगळा, त्याला हाच मार्ग खरा. का ते हिशोबाने दाखवते. समजा एका मार्करवर तुमच्या भागात चार प्रकार आहेत, प्रमाण ०.४, ०.३, ०.२ आणि ०.१. यांचे वर्ग करून बेरीज करा, ०.३० येते. म्हणजे काही संबंध नसलेले दोन जंतू उचलले तरी तीस टक्के वेळा ते नुसत्या योगायोगाने सारखे दिसतील! एका मार्करवर सारखे आले म्हणून तोच वाण म्हणणं किती धोक्याचं ते यात दिसतं. असेच तीन स्वतंत्र मार्कर घेतले तर योगायोगाची शक्यता ०.०२७, तीन टक्क्यांच्या आत. हीच बेरीज एकातून वजा केली की ०.७०, आणि सॅम्पल दहा असतील तर त्या ०.७० ला दहाने गुणून नवाने भागायचं, ०.७८ येतं, यालाच अपेक्षित हेटेरोझायगॉसिटी म्हणतात, डायव्हर्सिटीचा आकडा म्हणून थिसिसमध्ये हाच लिहायचा असतो.

पण यात एक अट आहे, मार्कर स्वतंत्र हवेत. जिथे मलेरिया कमी तिथे डासाच्या पोटात दोन वेगळे वाण भेटतच नाहीत, जंतूचं मीलन स्वतःच्याच वाणाशी होतं आणि मार्कर एकत्र गठ्ठ्याने पुढे जातात. २००० साली बारा मायक्रोसॅटेलाइट वापरून जगभरचे फाल्सिपेरम तपासले गेले तेव्हा हेच दिसलं, आफ्रिकेत विविधता भरपूर आणि मार्कर सुटे, दक्षिण अमेरिकेसारख्या कमी प्रसाराच्या भागांत विविधता कमी आणि मार्कर बांधलेले. आपला भाग दुसऱ्या बाजूचा धरून चाला, म्हणजे तीनऐवजी सहा-सात मार्कर तरी घ्या.

तिसरा मार्ग तयार डेटा. फाल्सिपेरमचा जीनोम २००२ मध्ये आला, मलेरियाच्या दुसऱ्या प्रकाराचा, व्हायवॅक्सचा, २००८ मध्ये, आणि त्यानंतर मलेरियाजेन या जागतिक गटाने हजारो पेशंटच्या रक्तातल्या जंतूंचे जीनोम वाचून खुले केले. २०२३ च्या पीएफ७ मध्ये ३३ देशांतली २०,८६४ सॅम्पल आहेत, त्यातली १६,२०३ क्वालिटी तपासणीत टिकलेली, व्हायवॅक्सचा पीव्ही४ लहान, १,८९५ सॅम्पलचा. एका पेशंटमधली विविधता त्या भागातल्या एकूण विविधतेशी ताडून काढलेला एफडब्ल्यूएस नावाचा आकडा ०.९५ च्या वर असेल तर इन्फेक्शन जवळपास एकाच क्लोनचं मानतात. थोडं पायथन किंवा आर येत असेल तर लॅबमध्ये एक थेंब रक्त न हाताळता चांगलं प्रोजेक्ट होतं, पेशंटचा शोध नाही, कंटॅमिनेशन नाही, मे महिन्यात लाइट गेली म्हणून एन्झाइम खराब होणं नाही.

मात्र आजाराशी संबंध दाखवायचा असेल तर इथेच पाय अडकतो. त्या सार्वजनिक तक्त्यात देश, ठिकाण, वर्ष मिळतं, पेशंट बेशुद्ध होता की साध्या तापाचा होता हा कॉलम नाही. देशादेशांतली विविधता, औषधांना दाद न देणारे जीन, रॅपिड टेस्ट ज्या प्रोटीनवरून मलेरिया ओळखते त्या एचआरपी-२ चा जीन गायब असलेले जंतू हे सगळं करता येतं, तीव्र आजार करता येत नाही. शीर्षकात आजार हा शब्द टाकायच्या आधी हे बघून घ्या, नंतर शीर्षक बदलायला गाइड तयार होत नाहीत.

आता आजाराकडे येते, कारण खरी मेख तिथे आहे. क्लोन जास्त म्हणजे आजार जास्त, असा सरळ हिशोब बहुतेक सिनॉप्सिसमध्ये लिहिलेला असतो आणि तो चुकीचा आहे. आफ्रिकेत जिथे वर्षभर डास चावतात तिथे शाळकरी मुलांच्या रक्तात तीन-चार क्लोन असतात आणि मूल खेळत असतं, कारण आधीच्या इन्फेक्शन्समधून शरीराला बऱ्याच वाणांची ओळख झालेली असते. आपल्याकडे ज्याला आयुष्यात मलेरिया झालाच नाही त्याला एकच क्लोन जिवावर आणू शकतो. म्हणजे एमओआय हा आकडा पेशंटच्या वयाबद्दल आणि त्या भागात मलेरिया किती फिरतोय त्याबद्दल जास्त सांगतो, पेशंट किती सिरीयस होईल त्याबद्दल फार कमी.

मग फाल्सिपेरम घातक कशाने होतो? त्याच्या जीनोममध्ये साधारण साठ व्हार जीन आहेत, एका वेळी बहुधा एकच चालू असतो, आणि तो लाल पेशीच्या बाहेर एक चिकट प्रोटीन पाठवतो. हे प्रोटीन कशाला चिकटतं यावर खूप काही ठरतं. २०१२-१३ मधल्या कामात दिसलं की तीव्र मलेरिया असलेल्या मुलांमध्ये डीसी८ आणि डीसी१३ नावाचे प्रकार जास्त चालू असतात आणि ते रक्तवाहिन्यांच्या आतल्या ईपीसीआर या रिसेप्टरला चिकटतात, गरोदरपणात व्हार-२-सीएसए नावाचा प्रकार थेट वारेत जाऊन अडकतो. एमएसपीच्या बँडवरून यातलं काहीच कळत नाही, आणि कुठला व्हार चालू आहे हे बघायला आरएनए लागतो, म्हणजे ताजं रक्त लगेच जपून ठेवलेलं, फिल्टर पेपरवर सुकवलेला थेंब चालत नाही. एमएस्सीच्या एका सेमिस्टरमध्ये हे होणार नाही, मी स्पष्ट सांगते.

शिवाय माणूसही वेगवेगळा असतो. आपल्या आदिवासी पट्ट्यात सिकल सेल आहे, एकच सिकल जीन असलेल्याला तीव्र फाल्सिपेरमपासून बरंच संरक्षण मिळतं. २०२१ मध्ये गांबिया आणि केनियातल्या मुलांवरच्या कामात असं निघालं की सिकल जीन असूनही ज्यांना तीव्र मलेरिया झाला त्यांच्यातल्या जंतूंमध्ये काही ठरावीक बदल फार जास्त वेळा होते, म्हणजे जंतूचा वाण आणि माणसाचा जीन दोन्ही एकदम बघावे लागतात. ते वाचलं तेव्हा मला रात्री झोप लागली नाही, इतकं ते सुंदर काम आहे. आणि पाड्यावरच्या त्या दोघांबद्दल बोलायचं तर आधी हे विचारा की ताप आल्यावर कितव्या दिवशी गोळी मिळाली. उशिरा उपचार मिळालेला पेशंट वाण कुठलाही असो बिघडू शकतो, आणि सुरगाण्यावरून नाशिकला यायला किती वेळ जातो ते तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आता फाल्सिपेरम की व्हायवॅक्स, हे कोणी विचारत नाही पण विचारायला हवं. व्हायवॅक्सचे जंतू यकृतात झोपून राहतात आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी ताप परत आणतात. आपल्याकडे क्लोरोक्विन तीन दिवस आणि प्रायमाक्विन चौदा दिवस देतात, पण ताप उतरला की चौदा दिवस कोण घेतं, बांधकामावरचा मजूर तर तोवर दुसऱ्या साइटवर गेलेला असतो. ताप परत आला तर जुनाच उठला की नवा डास चावला? इथे डायव्हर्सिटीचा आजाराशी थेट संबंध येतो, आणि व्हायवॅक्सची विविधता कमी प्रसाराच्या भागातही टिकून राहते म्हणून थोड्या सॅम्पलमध्येही फरक दिसतो. दोन अडचणी मात्र आहेत. झोपलेला जंतू पहिल्या तापातल्या वाणापेक्षा वेगळाही असू शकतो, त्यामुळे जुळला तर रिलॅप्स, म्हणजे जुनाच जंतू उठलेला, असण्याची शक्यता मोठी असं म्हणता येतं पण नाही जुळला म्हणून रिलॅप्स नव्हता असं म्हणता येत नाही. आणि व्हायवॅक्स लॅबमध्ये सतत वाढवता येत नाही, त्यामुळे पॉझिटिव्ह कंट्रोल पेशंटच्या रक्तातूनच मिळवावा लागतो.

सगळं शेजारी ठेवून माझं मत असं. पीसीआर शिकायचाय आणि पंधरा-वीस फाल्सिपेरम सॅम्पल हातात आहेत, तर एमएसपीचं जेल करा पण शीर्षकात फक्त डायव्हर्सिटी ठेवा. कोडिंग आवडतं आणि सॅम्पल नाहीत, तर तयार डेटा, आणि आजाराऐवजी औषध-प्रतिकाराचा प्रश्न घ्या, भारतात तो जिवंत प्रश्न आहे, २०१३ मध्ये ईशान्येकडच्या राज्यांत आर्टेसुनेट-एसपी (एसपी म्हणजे सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिन) बदलून आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिन आणावं लागलं ते एसपीला दाद न देणाऱ्या जंतूंमुळेच. आणि आजाराशीच संबंध हवा असेल तर व्हायवॅक्सच्या जोड्या गोळा करा, पहिल्या तापाचं सॅम्पल आणि परत आलेल्या तापाचं, मायक्रोसॅटेलाइटवर. दहा चांगल्या जोड्या मला शंभर सुट्या सॅम्पलपेक्षा मोलाच्या वाटतात.

सुरगाण्याच्या मुलीला मी हा शेवटचा मार्ग सांगितला. तिला आधी वाईट वाटलं, तिला त्या बेशुद्ध झालेल्या माणसाचं उत्तर हवं होतं आणि दोन पेशंटवरून ते मिळत नाही. मग तिनेच विचारलं, वापरलेल्या रॅपिड टेस्टच्या पट्टीतून डीएनए निघतो का. निघतो, रंगवलेल्या स्लाइडमधूनही निघतो, जरा कमी मिळतो इतकंच.

वेळेचं गणित सगळ्यात शेवटी लिहितेय पण ते आधी करा. डिझर्टेशन जानेवारीत सुरू होतं आणि आपल्याकडे मलेरिया पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिना-दोन महिन्यांत असतो, जानेवारीत ताजा पेशंट शोधायला निघालात तर मोकळ्या हाताने परत याल. एथिक्स कमिटीचा अर्ज मे महिन्यातच द्या, संमतीपत्र मराठीत करा आणि ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवायची सोय ठेवा. थेंब जाड फिल्टर पेपरवर घ्या, उन्हात नाही तर सावलीत पूर्ण सुकवा आणि प्रत्येक कागद वेगळ्या पिशवीत सिलिका जेल टाकून बंद करा, इगतपुरी-त्र्यंबककडच्या जुलैच्या दमट हवेत ओला राहिलेला कागद आठवड्यात बुरशी धरतो. पिशवीवर नाव लिहू नका, कोड लिहा, आणि तापाचा कितवा दिवस, वय, गेल्या महिन्यात बाहेरगावी कुठे गेले होते, आधी कधी मलेरिया झाला होता का हे चार प्रश्न तिथल्या तिथे विचारून वहीत कोडसमोर लिहून घ्या.